पुढचे दोन, मागचे दोन

६ नोव्हेंबर २०१६, रविवार
मुक्ताने गाडी घेतली. छोटी, सेकंडहँड. कॅल्गरीत बर्फ सुरू झालाय आणि आमचं कन्यारत्न साध्या टायरवर ऑफिसला जातं. हे सुषमाकडून कळलं. मला सगळं सुषमाकडूनच कळतं. मुक्ताने लग्न परस्पर ठरवलं, मी गेलो नाही, तेव्हापासून लेक दर रविवारी आईशी बोलते आणि मी शेजारी बसून पेपर वाचतो.
सुषमाला म्हटलं, सांग तिला, थंडीचे टायर घाल. चारही. एकदम.
"सांगते. माझ्या पद्धतीने सांगते."

९ नोव्हें.
तुआस, कंपनीची टायर लॅब. दिवसभर कोल्ड रूम, उणे पंधरा. बाहेर आलं की चष्म्यावर वाफ, दोन मिनिटं आंधळा. जिथे बर्फ पडत नाही तिथे बसून बर्फासाठी रबर करायचं, हे माझं आयुष्य. साधं रबर थंडीत दगड होतं, आमचं मऊ राहतं, रस्ता धरतं. हेच कंपनीत बोललं की पगार, घरी बोललं की कटकट.
शेजारच्या टेबलावरचा लिम इथल्या ढंगात म्हणाला, "कॉल हर युवरसेल्फ लाह." त्याला काय जातंय.

१३ नोव्हें., रविवार
सुषमा खूश. "बदलले तिने. झालं समाधान?"
किती, विचारलं.
"बदलले म्हणतेय ना. कसली उलटतपासणी."
बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. माझं ऐकलं तिने.

२७ नोव्हें., रविवार
गाडी फिरली. उतारावर वळताना पुढची चाकं वळली, मागची घसरली, गाडी गर्रकन उलट्या तोंडाची. बर्फाच्या ढिगात जाऊन थांबली. मुक्ताला खरचटलंसुद्धा नाही.
फोन स्पीकरवर होता. "आई, पुढचे दोन बदल असं बाबांनीच सांगितलं ना? टायरवाला हसला मला. आयुष्य रबरात घालवलं त्यांनी, आणि एवढंच?"
मी सुषमाकडे बघितलं. ती गॅसकडे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
शेवटी सुषमाच्या तोंडातून निघालं. मुक्ता म्हणत होती काही नको, मी म्हणत होतो चार. हिने तोडगा काढला: बाबा म्हणतायत, पुढचे दोन तरी बदल. तिचंही मन राहिलं, माझंही. माझी आई आणि मी, मी आणि मुक्ता, हिने सगळीकडे असंच अर्धं अर्धं वाटून घर चालवलंय.
"म्हणून टिकलंय," म्हणाली.
खरंय. पण टायरला भीड नसते. पुढे पकड आली आणि मागे नाही, तर शेपूट फिरणारच.

४ डिसें., रविवार
मागचेही बसवले. रिकाम्या पार्किंगमध्ये, बर्फावर, मुद्दाम फिरवून बघितली म्हणे. ब्रेक दाबला की सरळ थांबते, वळवली की वळते, तीच गाडी वाटत नाही. "टायरवाला किती छान समजावतो, आई." आयत्या बिळावर नागोबा.
सुषमाला म्हटलं, आता तरी खरं सांग तिला. "जरा निवळू दे." हिने आजवर काही निवळू दिलं नाही, नुसतं झाकलं.

११ डिसें., रविवार
माझा फोन वाजला. मुक्ता. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या फोनवर. सुषमा समोर मेथी निवडत होती.
"बाबा, एक विचारायचं होतं. पुढचे दोनच बदल, असं तुम्ही खरंच म्हणालात? टायरवाला म्हणतो, ह्या धंद्यातला माणूस असं सांगणारच नाही."
नाही, एवढंच म्हणायचं होतं. सुषमाचा हात मेथीत थांबलेला. हिला खोटी पाडली आणि मुक्ता आईशीही बोलेनाशी झाली, तर परमुलखातल्या या फ्लॅटमध्ये कोणाचा फोन येणार? आणि गप्प राहिलो तर लेकीच्या लेखी मी कायमचा अडाणी. तेही सोसवत नाही.
"गाडी नीट वळते ना आता?"
"हो. पण मी विचारलं ते..."
फोन सुषमाकडे दिला. सांगायचं की झाकायचं, तिचं तिने ठरवावं. तिने हात पुसले, फोन कानाला लावला. बराच वेळ नुसतं "हं" चाललं होतं. मग उठून आतल्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं.
उरलेली मेथी मी निवडली.