विजूच्या बागेचं माप

संतपूर, ता. औराद
१५ जुलै २०२४

चि. विजू हिला उमाक्काचे आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहोत, तुम्हीही असाल. सोयाबीन वीतभर वर आलंय. आईचा गुडघा आता दुखत नाही. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण पुढचं सांगायला लागले की तू मध्येच रडशील आणि माझ्याच्यानं बोलणं होणार नाही, म्हणून लिहितेय.

तू कलबुर्गीत घर बांधलंस तेव्हा मला आनंद झाला असं म्हटलं होतं. झाला नव्हता. तुझ्या बागेचा फोटो बघून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

आई तीन वर्षं माझ्याकडे आहे. तिचं पथ्य, दवाखाना सगळं मी बघते. पण दारात कुणी आलं की तिच्या तोंडी तूच. वेलाला पहिला दोडका लागला तरी, "विजूला लई आवडतंय." ताट वाढून मी समोरच उभी असते. जळू नको तर काय करू?

मार्चमध्ये तू तिला कायमची ये म्हणालीस, तेव्हा तिनं मला एकच विचारलं.

"तिच्याकडं झाडं लावायला जागा किती हाय गं?"

तू पाठवलेल्या नकाशात बेचाळीस चौरस मीटर लिहिलं होतं. आईला कळतात फक्त फूट. मीटरला सव्वातीन फूट, असं म्हणत मी तिच्यासमोर हिशोब केला.

"एकशे छत्तीस फूट."

"आन् आपली?"

"तीनशे साठ."

"मग कामून जाऊ? तेवढ्यात माझी अबोली बी मावायची न्हाई."

विजू, मी पंचायतीत संगणकावर बसते. घराच्या उताऱ्यासाठी येणारे निम्मे लोक हीच चूक करतात. मीच त्यांना सांगते, की लांबीलाही सव्वातीनहून थोडं जास्त आणि रुंदीलाही तेवढंच, म्हणून एका चौरस मीटरला पावणेअकरा चौरस फूट धरा. तुझी बाग साडेचारशे फूट भरते. माझ्या परसापेक्षा नव्वद जास्त. मला ते तेव्हाही ठाऊक होतं.

चार महिने तू समजतेस की आईला तू नकोशी झालीस. तिनं नाही म्हटलं ते माझ्यामुळे.

परवा तू फोनवर म्हणालीस, "अक्का, माझं काय चुकलं ते तरी आईला इचार." त्यानंतर मला राहवेना. काल घरासमोरच्या मोकळ्या जागेत टेप धरून फक्कीनं तुझ्या बागेएवढा चौकोन आखला आणि आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, ओरडेल. पण ती चौकोनात शिरली, या कोपऱ्यात शेवगा, त्या कडेला अबोली, असं पायानं दाखवत फिरली. मग म्हणाली, "बस किती वाजता हाय?"

मला अजूनही तुझा हेवा वाटतो. माफी मागतेय म्हणून तो गेला असं समजू नकोस.

रविवारी तिला घेऊन येते. रोपं पिशवीत बांधून झाली आहेत. एक कर. दिवाळीला चार दिवस अक्काकडे जाऊन ये, असं तिला तू सांग. तू सांगितलंस तर ती येईल.

तुझी,
उमाक्का