आदेशचा बिल्ला

राजुरा,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय भागीरथाबाईस वारलूभाऊचा आशीर्वाद.

तुझ्या गुडघ्याची सूज उतरली का? भाऊजींचा खोकला कसा आहे? धानाच्या ओल्या बांधीत उभं राहू देऊ नको त्यांना. मयुरीची परीक्षा झाली का? सूनबाई दिव्यानी दोन वेळ जेवते ना? पोटातल्या जिवासाठी तरी जेव म्हणावं.

फोनवर तुझा आवाज आला की मी धान निसवलं का विचारतो आणि ठेवून देतो. म्हणून हा कागद.

तुझ्या रोशनला जाऊन तीन महिने झाले. चौकशीवाले लिहिणार आहेत की छत कोसळल्यावर सुखरूप बाहेर आलेला माणूस मनाई असताना परत खाणीत शिरला, चूक त्याचीच. बाई, चूक त्याची नाही.

खाली उतरणाऱ्याने माझ्या लॅम्परूममध्ये बिल्ला द्यायचा आणि दिवा घ्यायचा. बिल्ला फळीवर लटकला म्हणजे माणूस खाणीत. रोशन मामा म्हणायचा म्हणून अख्खी पाळी मला मामा म्हणायला लागली, आणि मलाही ते गोड लागलं. खाली न उतरायला कोणाच्या घरी लग्न, कोणाची रोवणी, कोणाला नुसता कंटाळा. आदेश तर हसत यायचा, "मामा, आज मन नाई लागून राह्यलं. कोळसा का पळून जाते?" मी त्याचा बिल्ला लटकवायचो, दिवा टेबलाखाली सरकवायचो, की त्याची हजेरी लागली आणि तो परत. कागदावर दहा, खाली सात. सातजणांनी कोळसा काढायचा की छताला खांब द्यायचे? रोशन एकटा कुरकुरायचा, "मामा, तुम्हीच लाडावून ठेवलं यायले. खांब लावाले आता आजोबाले बोलावू का?" आम्ही सगळे हसायचो.

त्या दिवशी खांब कमीच होते. छत बसलं. पण सगळे निघाले, रोशनही, काळाकुट्ट, खोकत, पण धड. साहेबांनी फळीकडे पाहून विचारलं, "आदेश अजून खालीच?"

खरं बोलायला किती वेळ लागतो? पण साहेब पुढ्यात, आणि इतक्या वर्षांची सवय. "हो साहेब, बिल्ला आहे ना," म्हणून गेलो.

रोशनने ऐकलं. "आदेश राह्यला!" म्हणत वळला. दोघांनी धरलं, तर हात हिसडून गेला. मला वाटलं, खाणीच्या तोंडावरचे अडवतीलच त्याला, मग मी साहेबांना बाजूला घेऊन सांगतो. तेवढ्यात छत दुसऱ्यांदा बसलं.

आदेश तेव्हा मोहर्लीच्या जंगलात साळ्याच्या जिप्सीतून पर्यटक फिरवत होता.

आता तो सगळ्यांच्या आधी कामावर येतो. माझ्याकडे न पाहता बिल्ला देतो. परवा एवढंच म्हणाला, "मामा, काई बोलू नका. माह्ये लेकरं हायेत." त्याचा रागही येत नाही मला. त्याला तसा मीच केला.

चौकशीत मला दोनदा विचारलं, रोशन परत का शिरला. दोन्हीदा माहीत नाही म्हणालो. बुधवारी शेवटचं बसणार आहेत, तेव्हा सांगणार आहे. पण त्याआधी तुला कळावं म्हणून तिकडे निघालेल्या लच्छूच्या हाती हे उद्याच नागभीडला तुझ्याकडे धाडतो. तेरवीला मामा म्हणून तू मला पहिलं पान वाढलंस, बाई, आणि मी जेवलो.

भाऊबीज अकरा दिवसांवर आली. येऊ का नको, तेवढं लिही. लवकर लिही. मयुरीकडून लिहवून घेऊ नको, स्वतः लिही. नको म्हटलंस तरी तुझं अक्षर तर दिसेल.

तुझा अपराधी,
वारलू