समुद्राला ठेवलेली उघडी कड

३ मार्च
आधी घरची हजेरी. ह्यांचा गुडघा सुजलाय, तोंड मात्र शाबूत. सुनेचा ताप उतरला. नातीचा खोकला जवळजवळ गेला. लेकीला फोन केला तर 'बरी आहे गं' एवढंच. आवाज खोल गेलेला. मी ठणठणीत.

लेक जलखात्यात नोकरीला; तिने तयार केलेला नकाशा खात्याच्या फलकावर लागलाय. नदीतून येणारं कारखान्याचं न विरणारं रसायन आपल्या समुद्रात कुठे किती पसरेल, त्याचा. आमच्या उपसागरावर हिरवा रंग, म्हणजे धोका नाही. ऊर भरून आला. वीस तारखेच्या सुनावणीत याच नकाशावर कारखान्याला दुप्पट सांडपाणी सोडायची परवानगी मिळणार.

५ मार्च
बेरीज जुळत नाही.

एकतीस वर्षं प्रयोगशाळेत काढली. आधी बाटल्या धुतल्या, मग पाण्याचे नमुने भरले, लेकीच्या कॉलेजच्या वह्यांवरून गणित शिकले. सवय एकच — शेवटी सगळ्या चौकटींतले आकडे मिळवून बघायचे. नदीने बारा वर्षांत नऊ टन ओतलं. नकाशात सगळं मिळून साडेपाच. बाकीचं कुठे गेलं?

८ मार्च
सापडलं. नकाशामागच्या गणितात समुद्राची दक्षिणेची कड उघडी ठेवलीय! जणू पाणी तिथून पुढे महासागरात जातं. आपला समुद्र तर चारी बाजूंनी जमिनीत कोंडलेला. नद्या येतात, बाहेर एकही जात नाही. पाण्याची वाफ होते, रसायन बसून राहतं. खारं पाणी आटवलं तर मीठ कुठे जातं, हे नातसुद्धा सांगेल.

कड बंद करून गणित पुन्हा चालवलं. जुना संगणक चार तास घरघरत होता. सगळं वळून आमच्याच उपसागरात. तिथली मासळी अर्धं गाव खातं.

९ मार्च
लेकीला विचारलं, "कड उघडी का गं?"
"आई, मॉडेलमध्ये काही गोष्टी धरून चालावं लागतं."
"समुद्राला भोक आहे असं धरून?"
"तू यात पडू नकोस." फोन ठेवला तिने.

हे म्हणाले, "पोरीची नोकरी घालवशील. आणि बाटल्या धुणारीचं ऐकणार कोण?"
"अहो, मी बाटल्या नीट धुतल्या म्हणून प्रयोगशाळेतल्या साहेबांचे आकडे खरे आले."
गुडघा धरत उठले. मग म्हणाले, "चहा टाकतो."

चूक तिची असेल तर तिचा कान मीच पिळीन. पण ती चूक गावाला खाऊ घालणार नाही.

१४ मार्च
सुनावणीत बोलायला नाव द्यायला गेले. कारकून म्हणाला, "शिक्षण?"
"सातवी."
"मग मावशी, बोलणार काय?"
"बेरीज."
चौदावा नंबर मिळाला.

१७ मार्च
भाषण चारदा लिहिलं. 'हा नकाशा ज्यांनी केला' इथे दर वेळी पेन अडतं. पोटची आहे. तरी बोलणार.

१९ मार्च
लेकीचं पाकीट आलं. आत तिच्याच गणिताचे गेल्या जूनचे कागद. चारी कडा बंद, उपसागर लालभडक, बेरीज नऊ टन. वर चिठ्ठी — 'आई, ही चूक नव्हती. खात्यातल्या माझ्या साहेबांनी कड उघडायला लावली, मी घाबरून सही केली. उद्या हे दाखव. माझं नाव घे.'

लगेच मोबाइलवर लिहिलं: घेईन. पण तू शेजारी उभी असशील तरच. पहाटेची गाडी पकडतेस ना? लवकर कळव, बाळा.