श्रावणातली लाल बाटली

३१ जुलै १९५४, अंधेरी

बाटली आली एकदाची! दारूबंदीतलं परमिट फक्त ह्यांच्या नावाचं, म्हणजे मी जीभसुद्धा लावायची नाही. टायफॉईड उतरला, पण ह्यांची अन्नावरची वासनाच उडाली आहे. डॉक्टर म्हणाले, जेवणासोबत थोडी लाल वाईन द्या, भूक लागेल. पोटात काही गेलं नाही तर माझ्या हातात काही उरणार नाही, असंही म्हणाले. सासूबाईंनी बाटली मोरीत ठेवायला लावली — देवांसमोर दारू नको.

२ ऑगस्ट

वाट लावली मी. औषधच ना, म्हणून कोमट दुधात साखर घालून दिली. दूध फाटलं. हे एक घोट घेऊन भिंतीकडे वळले.

५ ऑगस्ट

मरोळच्या पास्कोलबाई ह्यांना बघायला आल्या. त्या ख्रिस्ती, त्यांच्यात लग्नकार्याला वाईन असतेच. दुधाचं ऐकून हसल्या नाहीत, एवढे उपकार. ही काळ्या द्राक्षांची, अंगाने जड, म्हणाल्या. तासभर आधी उघडून ठेव, बर्फ नको, दूध तर नकोच. मासळीबरोबर गंज चाटल्यासारखी लागते.

"हिला चरबीचं मटण पाहिजे गं. नाहीतर नुसती तुरट. घोट उतरायचा नाही त्यांना."

मटण! आणि श्रावण लागलेला.

८ ऑगस्ट

सासूबाईंना विचारलं. "श्रावणात ह्या घरात मटाण शिजूचा नाय." संपलं. पुढे लगेच गणपती. तोवर हे राहतील का? वरणभाताबरोबर दिली, उसळीबरोबर दिली — तोंड वाकडं करतात. मनगट माझ्या दोन बोटांत मावतं. मला हल्ली देवाचाही राग येतो.

११ ऑगस्ट

दिवसभरात दोन चमचे पेज. आता काही खरं नाही.

१४ ऑगस्ट

शिजवलं! गॅलरीत शेगडी पेटवून. बाटली आधी उघडली, कपात ओतली. सासूबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. उठून जिन्यात जाऊन बसल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही. ह्यांनी ताट पाहिलं.

"आई जेवली?"

मी कप पुढे केला. ह्यांनी ताट सरकवलं. आईला उपाशी ठेवून खाणार नाही म्हणे. मटण शेजारी गेलं. मी मोरीत बसून रडले. दोघंही आपापल्या जागी चांगले, आणि विधवा मी होणार.

१६ ऑगस्ट

श्रावणी सोमवार. सासूबाई सकाळीच बाजारातून मटण घेऊन आल्या. स्वतः शिजवलं. ह्यांच्या शेजारी स्वतःचं ताट मांडलं आणि पहिला घास घेतला.

"मी जेवलंय. खा आता."

ह्यांनी वाईनच्या कपाकडे हात नेला.