एका पानाचं कोटेशन

४ मार्च १९५७
आली बाई ती टायपिस्ट. पुण्याहून, सकाळच्या गाडीनं. कमल देशपांडे, मॅट्रिक, मनगटावर घड्याळ. हे स्वतः चिंचवड स्टेशनावर आणायला गेले. माझा भाऊ आला होता तेव्हा मात्र "येईल की चालत!" इथून पुढे तिला नुसतं क. लिहिणार. पूर्ण नावाला माझी शाई काही फुकटची नाही.

६ मार्च
आमच्या खोक्यांच्या कारखान्याची सगळी कोटेशनं लग्नापासून मीच लिहीत आले. हे तोंडी सांगायचे, मी सजवायची. वर श्री, मग मामंजींनी सुतारकाम कसं सुरू केलं ते, मग लाकडाची तारीफ, आणि दर अगदी शेवटी, हळूच. पाहुण्याला आधी पाणी देतात, आल्या आल्या भाव कोण सांगतं?
क.नं माझं एक वाचलं नि हसली. "छान आहे हो वहिनी, पण खोकं केवढ्याला पडतं हे शोधेपर्यंत साहेबांचा चहा गार व्हायचा."
हेपण हसले. ते जास्त लागलं.

९ मार्च
तिचं कोटेशन. एक पान. माप, दर (नव्या पैशांत!), माल कधी. मध्ये मोकळी जागा. संपलं. कोटेशन आहे की रेशनकार्ड!
ह्यांनी दोनदा वाचलं. "बघ सुमन, कसं स्वच्छ. कुणालाही कळेल."
माझं अक्षर मोत्यासारखं म्हणणारा हाच माणूस. आमटीत मीठ जास्त झालं. मुद्दाम नाही. बरं, थोडं मुद्दाम.

११ मार्च
पिंपरीच्या नव्या कारखान्याला वर्षभर खोकी हवीत. काम मिळालं तर शेडवर पक्कं छप्पर. नाही तर करवतीचं मशीन विकायचं, माणसं घरी. हे रात्रभर कूस बदलत होते.
कोटेशन अर्थात क. करणार. माझ्याकडे काय? खळ शिजवायची नि पाकिटं चिकटवायची.

१३ मार्च
आमचा मोशीचा मिस्त्री, राघू, पाणी प्यायला दारात आला. "वैनी, चैती पुनवंला जत्रा हाय. आमी समदे जानार. आठ दिस कुनी न्हाई येनार बगा."
दरवर्षीचंच. म्हणून तर मी 'ईश्वरकृपेने लवकरात लवकर' लिहायची. त्यात जत्रा कुठेही मावायची.

१४ मार्च
पिंपरीचं कोटेशन टाइप झालं. हे म्हणाले, "तू वाच एकदा. तुला कळलं म्हणजे साहेबाला कळलंच."
काय पण मान!
वाचलं. इथे कुणी बघत नाही म्हणून लिहिते, चांगलं आहे. एका दमात वाचून झालं, कुठे अडलं नाही. मेलीचा हेवा वाटतो. मला असं जन्मात सुचलं नसतं.
आणि मधोमध, खाली रेघ मारून, 'माल १५ एप्रिलपासून रोज'.
कॅलेंडर बघायची गरज नाही, पंचांग माझ्या तोंडात असतं. १४ला चैत्री पौर्णिमा. १५ला कारखान्यात कुत्रंही नसेल. पुण्याच्या पोरीला जत्रा काय ठाऊक. ह्यांना ठाऊक, पण हे मोकळी जागा बघत बसलेत.
"कळलं ना?"
"कळलं," म्हटलं. आणि कागद परत दिला.

१५ मार्च, होळी
एका चुलीवर पुरण, एकीवर खळ. पाकीट माझ्यापुढे ठेवून गेलेत. "चिकटव, सायकलवर स्वतः देऊन येतो." क. ओसरीवर बसलीय. "पोळी खाऊनच जा," हे तिला म्हणाले. पोळ्या मी लाटायच्या.
पिंपरीचा साहेब तारीख चुकवणाऱ्याला पुन्हा दारात उभं करत नाही म्हणे.
सांगितलं, तर हे धावत तिच्याकडेच जाणार. ती नवा कागद टाइप करणार, आणखी स्वच्छ. काम मिळालं की नाव तिचं.
नाही सांगितलं, तरी नाव तिचंच. पंधरा एप्रिलला सगळ्या पिंपरीत.
पण छप्पर माझं आहे. राघूची पोरंबाळं माझ्या दारात येतील, तिच्या नाही.
"सुमन, झालं का गं?" ओसरीवरून हाक.
खळीत बोट बुडवून बसलेय. पाकीट अजून उघडं आहे.