लाटांचा तक्ता

१७ जून
अकरावीला सागरी लाटा शिकवल्या. लाटेबरोबर पाणी पुढे येत नाही, ऊर्जा येते. पाणी जागच्या जागी गोल फिरतं. अठरा वर्षं हेच सांगतोय. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही कधी उभे राहिलात लाटेत?" एकदा अलिबागला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. ते सांगितलं नाही.
संध्याकाळी फोनवर सर्फिंगचे व्हिडिओ पाहिले. फळीवर उभं राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे यायचं. म्हणजे ती ऊर्जा तळपायाला कळत असणार. कशी? सुनंदाला दाखवलं. मेथी निवडता निवडता तिनं पूर्ण पाहिलं. म्हणाली, "पुन्हा लावा."

२२ जून
उडुपीजवळच्या एका सर्फिंग शाळेला फोन केला. १५ ऑगस्टला जोडून सुट्टी आहे, तेव्हा येतो म्हटलं. प्रशिक्षक हसलाच. ऑगस्टमध्ये तिकडे मच्छीमारही होडी काढताना दहादा विचार करतात म्हणे. आणि मी भूगोलाचा मास्तर!
तक्ता केला. जून ते सप्टें. — समुद्र खवळलेला, नवशिक्यांना बंद. ऑक्टो.पासून निवळतो. नोव्हें. ते फेब्रु. — लहान, नीटस लाटा. मार्च ते मे — जरा मोठ्या. चेन्नईच्या बाजूला नेमका दिवाळीत पाऊस, ते बाद.
म्हणजे दिवाळीची सुट्टी. भाऊबीज आटोपून निघायचं. सु.ला लॅबमधून रजा काढावी लागेल.

२८ जून
सर्फिंग शाळेचा फॉर्म आला. वय, वजन, आजार. पोहता येतं का? आधी सर्फिंग केलंय का? पोहता न येणाऱ्यांना कमरेएवढ्या पाण्यातच ठेवतात, फुटून आलेल्या फेसात. पोहणाऱ्यांना जमलं तर पुढे, लाट फुटायच्या आधीच्या पाण्यात.
दोघांच्या नावापुढे 'नाही' लिहिलं. सु. चष्मा लावून वाचत होती. म्हणाली, "माझ्यापुढचं खोडा."
"का?"
"येतं मला."
बावीस वर्षं झाली लग्नाला.

५ जुलै
साक्रीकडे सासरवाडीला आलोय, सु.च्या भावाची तब्येत पाहायला. नाना आता बरे आहेत, खाटेवर बसून गप्पा मारतात. त्यांना विचारलं, सुनंदा पोहायची का? नाना उडालेच. "ती ते मासोळी शे! बठ्ठा गावले माहीत शे, तुमलेच माहीत नही?"
मग विहीर पाहायला गेलो. चांगली रुंद, दगडी पायऱ्या. ही वरच्या कठड्यावरून उडी मारायची, तळाची माती मुठीत घेऊन वर यायची. नाना सांगत होते, ही बाजूला चिंचेचा पाला खुडत होती, जसं काही दुसऱ्याच कुणाचं चाललंय.

६ जुलै
परतीच्या बसमध्ये विचारलं, मग का सोडलंस?
लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. ती माहेरी आलेली, मी आईला घेऊन तिला न्यायला गेलो होतो. ती विहिरीतून ओली वर आली आणि आई म्हणाली, आमच्याकडच्या सुना असल्या उड्या मारत नाहीत.
"तुम्ही तिथंच होतात," सु. म्हणाली. रागानं नाही.
आठवत नाही म्हणालो. धुळे यायच्या आत आठवलं. मी चहा पीत होतो. आईला काही बोललो नव्हतो, हिलाही नाही. आज तिला म्हटलं, आठवलं. ती म्हणाली, "बरं." पुढे जळगावपर्यंत झोपली. किंवा डोळे मिटून होती.

१९ जुलै
जलतरण तलावावर दोघांनी नाव घातलं. बायकांची बॅच आधी, पुरुषांची नंतर. कुंपणाबाहेर थांबलो होतो. तिथल्या बाई बाहेर येऊन विचारतात, "या मॅडम कुठे शिकल्या? स्टाइल कसलीच नाही, पण थांबतच नाहीत."
सु. केस पुसत आली. चेहरा लाल. इतकी भूक लागलेली तिला कधी पाहिली नाही.
मी: अर्धा तास कठडा धरून पाय मारले.

९ ऑगस्ट
नवीन नाद. लाटांचा अंदाज सांगणारं ॲप. उंची किती फूट आणि दोन लाटांत किती सेकंद. सेकंद जास्त, तर लाट लांबून आलेली आणि आत ताकद जास्त. किनाऱ्यावर वारा नसतानाही लाट येते, हजारो कि.मी.वरच्या वादळातून निघालेली. वादळ विरून जातं, लाट चालतच राहते. शिकवलंय हे, पण असं रोज पाहिलं नव्हतं. सु.ला रोज चहाबरोबर आकडे सांगतो. आता तीच विचारते, "आज किती?"

२४ ऑगस्ट
कान वाहतोय. दुसऱ्यांदा.

२७ ऑगस्ट
कानाच्या डॉक्टरांकडे. पडद्याला छिद्र, जुनं असावं. तलाव बंद. "समुद्राचं तर नावच नको." ऑपरेशन करता येईल, पण दिवाळीपर्यंत पाण्यात जाणं नाहीच.
घरी येऊन म्हटलं, जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू.
सु.नं तलावाचा टॉवेल दोरीवर टाकला. मग म्हणाली, "मी जाते."
एकटी? हा शब्द अगदी ओठांवर आला. गिळला. पण तिला दिसला असणार.

३० ऑगस्ट
मी नुसतं सोबत येतो, वाळूत बसेन, असं सुचवून पाहिलं.
"तुम्ही काठावरून सूचना द्याल."
नाही देणार म्हटलं. दोघंही हसलो. दिल्या असत्या.

२० सप्टें.
रजा मिळाली. फॉर्म सु.नं स्वतः भरला. पोहण्याचा अनुभव: 'विहीर, नऊ वर्षे. तलाव, दोन महिने.' प्रशिक्षकाचा फोन आला, त्याला विहिरीचं फार कुतूहल. मग तिला त्यानं एक खरं सांगितलं. विहिरीतलं पाणी ढकलत नाही, समुद्र ढकलतो. पहिले दोन दिवस फेसातच. नंतर बघू.

१४ नोव्हें.
गाडीत बसवून आलो. थेट उडुपी. आयुष्यात पहिल्यांदा एकटी इतक्या लांब. खिडकीतून म्हणाली, "मेथी फ्रीजमध्ये आहे, आधी ती संपवा." गाडी हलल्यावर हात केला, मग लगेच शेजारच्या बाईशी बोलायला लागली.

१६ नोव्हें.
दुपारी फोन. पहिला धडा झाला. सोळा वेळा पडली. नाकातोंडात खारं पाणी, गुडघा खरचटला. आवाज मात्र तलावावरून यायची तेव्हासारखा. "पडलं तरी फळी पायाला दोरीनं बांधलेली असते, हरवत नाही," हे मला दोनदा सांगितलं.

१७ नोव्हें.
उभी राहिली! फेसात, पण उभी. किती वेळ? "चार-पाच सेकंद असतील." पायाखाली कसं वाटलं, विचारलं. "कुणीतरी खालून ढकलतंय, पण रागानं नाही." हे वर्गात सांगावं का?
संध्याकाळी पुन्हा फोन. उद्या हवं तर आत नेतो, फुटायच्या आधीच्या लाटांत, असं प्रशिक्षक म्हणतोय. नाही तर अजून एक दिवस फेसात. ठरवायचं तिनं.
"काय करू?"
ॲपवर उद्याचं उघडलं. तीन फूट, चौदा सेकंद. आजपेक्षा जास्त. तिला तेवढंच सांगितलं. चौदा म्हणजे काय, तिला माहीत आहे.
"तुम्हाला काय वाटतं?"
म्हटलं, मला इथे बसून कळत नाही. तू त्या पाण्यात उतरलीयस.
"बघते," म्हणाली.

१८ नोव्हें.
सकाळी सात दहा. धडा साडेसहाला सुरू झाला असणार. फोन खोलीवर ठेवून जाते, त्यामुळे साडेआठशिवाय काही कळायचं नाही.
मेहरूण तलावापर्यंत चालत आलोय. बाकावर बसून लिहितोय. पाण्यावर वाऱ्याच्या बारीक सुरकुत्या, फूटभरही नाहीत. त्या मोजत बसलोय. फेसात असेल तर मला बरं वाटेल. आत गेली असेल तर तिला.