आतली कडी

ता. ४ जून

श्रीमती विहीणबाईंस,

सा. न. वि. वि. फोनवर तुम्ही माझं वाक्य पुरं होऊ देत नाही आणि वर फोन ठेवून देता, म्हणून हे पत्र. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पेन्सिल हातात राहिली ती लाकडावर खुणा करायला. तेव्हा चुका मोजत बसू नका, तुमची हेडमास्तरकी संपून बरीच वर्षं झाली.

माझा मुलगा आणि तुमची मुलगी वर्षभराच्या करारावर बोटीवर कामाला गेली. धाकटा माझ्याकडे आला, थोरली शाळेसाठी तुमच्याकडे राहिली. त्यावर तुम्ही म्हणता की डोंगर तुमच्या वाट्याला आला आणि मला मिळालं खेळणं. अहो, तुमची चौदा वर्षांची नात स्वतःच्या हाताने जेवते, स्वतःचं नाक स्वतः पुसते. आमचा टिल्लू अडीच वर्षांचा. काल माझी कवळी बादलीत टाकून तिला पोहायला शिकवत होता. आज साबण खाल्ला. मुलाला कारण समजावून सांगावं, असा तुमचा सल्ला. सांगितलं. साबणाने पोट कसं दुखतं ते समोर बसवून समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि दुसरा घास घेतला.

आणि तुमची तक्रार काय, तर पोरगी खोलीला आतून कडी लावून बसते. त्यात रडण्यासारखं काय आहे? मी इथल्या सगळ्या दारांच्या खालच्या कड्या काढून वर, माझा हात पोचेल तिथे लावल्या. तुम्ही ती काढूनच टाका. कडीच नाही तर लावणार काय?

लोभ आहे असं लिहिलं तर खोटं होईल. तरी असावा.

टिल्लूचा आजोबा


ता. ११ जून

श्री. व्याह्यांस,

स. न. वि. वि. चुका मोजल्या नाहीत. मोजायला बसले असते तर दुसरं काही काम झालं नसतं.

साबण खाणाऱ्या मुलाच्या तोंडात बोट घालता येतं. माझ्या नातीच्या तोंडातून दोन शब्द काढून दाखवा. जेवायला हाक मारली की भूक नाही म्हणते, मागाहून खाऊचे डबे उघडे सापडतात. चेहरा का उतरलाय विचारलं तर अशी बघते, जणू मी तिच्या घरात भाड्याने राहते. टिल्लू तुमच्या मागे धावतो, त्याचा तुम्हाला जाच. इथे मी हिच्या मागे धावते आणि दार तोंडावर बंद होतं.

तुमचा सल्ला मानला. ती शाळेत असताना कडी काढून घेतली. घरी आल्यावर तिने आदळआपट केली नाही. स्क्रूच्या भोकांवरून नुसतं बोट फिरवलं. मला ते आवडलं नाही.

आणखी एक. तुमचं वय झालं, गुडघे गेले. झेपत नसेल तर टिल्लूलाही माझ्याकडे पाठवा. मुलीचा फोन आला की मी हे तिच्या कानावर घालणार आहे.

राखता येत असेल तर लोभ राखावा.

थोरलीची आजी


ता. १९ जून

श्रीमती विहीणबाईंस,

सा. न. वि. वि. थोरली एकटी बसने माझ्या दारात येऊन उभी राहिली, त्याच घटकेला मी शेजारणीच्या फोनवरून तुम्हाला कळवलं. माझा नंबर दिसला की तुम्ही उचलत नाही. पोरीला मी फूस लावली असं म्हणालात, ते गिळलं. रविवारी न्यायला येते, टिल्लूचेही कपडे बांधून ठेवा, असा हुकूम सोडलात. ते मात्र घशाखाली उतरत नाही. त्याच्याशिवाय हे घर मला खायला उठेल.

आता लिहितो ते लिहू नका, आयतं कोलीत द्याल, असं शेजारीण म्हणते. पण माझ्या पोटात राहत नाही.

थोरलीने आल्या आल्या न्हाणीघराला तिच्या हाताशी येईल अशी कडी मागितली. रास्तच होतं, जुन्या जागी बसवून दिली. काल टिल्लू आत गेला आणि त्याने ती लावून घेतली. आत भरलेली बादली. मी दार बडवलं, बाहेर ये म्हणून ओरडलो, बिस्किटाचं आमिष दाखवलं, बागुलबुवाची भीती घातली. तो भोकाड पसरून रडला आणि एकदम गप्प झाला. हातोडा उचलला तर थोरलीने मनगट धरलं. तो दाराला चिकटून उभा असेल म्हणाली. आणि आजोबा, तुम्ही आधी गप्प बसा, असंही म्हणाली. तुमच्याखेरीज माझ्याशी असं कोणी बोललेलं नाही.

मग ती फरशीवर आडवी झाली. फटीतून त्याला म्हणाली की हवं तेवढं आत राहा, कोणी ओरडणार नाही, फक्त तुझं बोट दाखव. मग फटीतून एक ओलं बोट बाहेर आलं. तिने ते धरून ठेवलं. बाहेर ये असं एकदाही म्हणाली नाही. मला आत घेशील का, असं विचारलं. कडी सरकली. ती आत गेली, बादली उपडी केल्याचा आवाज आला आणि दोघांनी मिळून कडी पुन्हा लावली. मी आपला बाहेर, हातोडा घेऊन.

हे तुला कसं सुचलं, असं नंतर विचारलं. मला कोणी तसं विचारत नाही ना, म्हणून, एवढंच म्हणाली.

तुम्ही टिल्लूला न्यायचं म्हणाल तर बादलीची गोष्ट तुमच्या बाजूची आहे, ती मुलीला खुशाल सांगा. पण थोरली येईल तेव्हा तिच्या दप्तरात एक पितळी कडी आणि स्क्रू असतील. ती तिच्या दाराला बसवा. माझा सल्ला मी परत घेतो. साबणाचा तुमचा तुम्ही घ्या.

लोभ नसला तरी एवढं करावं.

टिल्लूचा आजोबा


ता. २५ जून

श्री. व्याह्यांस,

स. न. वि. वि. रविवारी टिल्लूचं गाठोडं तुमच्या ओट्यावर विसरले आणि टिल्लूलाही. मुद्दाम विसरले असं मानून घेऊ नका. मुलीला अजून काही बोललेले नाही.

कडी आज मीच बसवली. वाकडी बसली आहे, ती बघायला म्हणून इकडे येऊ नका. पोरीने आत जाऊन ताबडतोब लावली. मला आडवं होता येत नाही, म्हणून दाराशी स्टूल घेऊन बसले आणि तुमच्या पत्रातलं, मला आत घेशील का, ते विचारलं. आवाज हजेरी घेतल्यासारखा निघाला. मग म्हणाली की थांब, पसारा आवरते.

तशीच थांबले आहे, पत्र मांडीवर घेऊन. आत कपाट उघडतंय, मिटतंय. तुमच्या वाट्याचं मूल सोपं आहे हे माझं मत कायम आहे.

कडी वाजली. लोभाचं तुम्ही समजून घ्यावं.

थोरलीची आजी